एका यंत्रामागे किती शिकाऊ?

मुद्रणाचा इतिहास आपण वर्गात शिकवतो, तेव्हा तो बहुधा यंत्राचा इतिहास असतो. जर्मनीतील माइन्त्स गावी १४५५च्या सुमारास गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी बायबल छापले, पुस्तके स्वस्त झाली, ज्ञान पसरले, असा तो धडा असतो. त्यात चुकीचे काही नाही. मात्र त्या यंत्राचा दांडा दिवसभर कोण ओढत होते, हे खिळे कोणाची बोटे जुळवत होती आणि त्यांना काय मिळत होते, याची ओळ त्या धड्यात सहसा सापडत नाही.

१५३९ साली, म्हणजे त्या बायबलनंतर पुरती शंभर वर्षेही उलटली नसताना, फ्रान्समधील लिआँ शहरात याच माणसांनी काम बंद पाडले. हा संप काही महिने चालला. मजुरीच्या आणि जेवणाच्या तक्रारी त्यात होत्याच. पण एक मागणी एका आकड्याविषयी होती. छापखान्यात शिकाऊ मुले किती असावीत? मालकांचे म्हणणे, हवी तितकी. कामगारांचे म्हणणे, मोजकी. या आकड्यावर फ्रान्सच्या दोन राजांना हुकूम काढावे लागले. हा आकडा इतका महत्त्वाचा का होता, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी आधी त्या काळच्या छापखान्यात डोकावावे लागेल.

छापखान्यातील माणसे

सोळाव्या शतकातील छापयंत्र लाकडी असे. त्याचा मुख्य भाग म्हणजे एक मोठा उभा स्क्रू आणि तो फिरवणारा दांडा. खिळे जुळवण्याचे काम जुळारी म्हणजे कम्पोझिटर करीत. समोरच्या घरांच्या पेटीतून एकेक खिळा उचलायचा, तो उलट्या अक्षराचा असतो हे ध्यानात ठेवून ओळ बांधायची, ओळींची पाने करायची आणि पाने चौकटीत घट्ट आवळून फर्मा तयार करायचा. पुस्तके पुष्कळदा लॅटिनमध्ये असत, काही ग्रीकमध्येही. तेव्हा जुळाऱ्याला अक्षरओळख असून भागत नसे, थोडीफार भाषाही यावी लागे.

फर्मा यंत्रावर चढला की दोन माणसांचे काम सुरू होई. एकजण चामड्याच्या दोन गोळ्यांनी खिळ्यांवर शाई लावी. दुसरा ओलसर कागदाचा ताव बसवी, फर्मा दाबपट्टीखाली सरकवी आणि दांडा ओढी. शाई कमीजास्त झाली तर अक्षर पुसट किंवा गिचमिड होई. दाब वेडावाकडा पडला तर ताव फुकट जाई. याशिवाय मुद्रिते तपासणारा एक. असे धरले तर एका यंत्रामागे चार-पाच जाणती माणसे लागत.

या साखळीत एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असे. जुळारी थांबला तर यंत्र रिकामे, यंत्र थांबले तर जुळाऱ्याचे खिळे फर्म्यात अडकलेले. सुतार किंवा शिंपी आपल्यापुरते काम करू शकतो, छापखान्यात तसे जमत नाही. एकत्र काम करण्याची सवय असलेल्या माणसांना एकत्र काम थांबवणेही सोपे जाते, हे पुढे दिसून आले.

माणसांच्या तीन पायऱ्या होत्या. सर्वांत खाली उमेदवार. आज हा शब्द निवडणुकीपुरता उरला असला, तरी आपल्याकडे ‘उमेदवारी करणे’ म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून धंदा शिकणे, हा अर्थ जुना आहे. उमेदवाराला राहणे-खाणे मिळे, मजुरी जवळजवळ नसे. उमेदवारी संपली की तो कारागीर होई आणि मजुरी घेऊन कोणाच्याही छापखान्यात काम करी. तिसरी पायरी मालकाची. शिकलेल्या कारागिराने पैसे साठवून एक दिवस स्वतःचे यंत्र घ्यावे, अशी ही कल्पना. पण यंत्र, खिळे आणि कागद यांत गुंतणारी रक्कम इतकी मोठी होती, की बहुतेक कारागिरांचे आयुष्य दुसऱ्या पायरीवरच संपे.

लिआँ शहर

लिआँ हे ऱ्होन आणि सोन या नद्यांच्या संगमावरचे व्यापारी शहर. तेथे वर्षातून चार मोठ्या जत्रा भरत आणि इटली, जर्मनी, स्पेनचे व्यापारी येत. १४७३ साली तेथे पहिले पुस्तक छापले गेले. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर युरोपातल्या मोठ्या मुद्रणकेंद्रांपैकी एक झाले होते. रू मेर्सिएर या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास छापखाने दाटीने उभे होते. छपाईवर जगणारे कारागीर पाचशे-सहाशेच्या घरात होते. त्या काळच्या मानाने एका धंद्यातील मजुरांची ही संख्या मोठी होती.

लिआँचे आणखी एक वैशिष्ट्य आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. युरोपातील पुष्कळ शहरांत प्रत्येक धंद्याची पंचायत असे. कोणी किती उमेदवार ठेवावेत, उमेदवारी किती वर्षांची, मालक होण्यासाठी कोणती परीक्षा, हे सारे ती ठरवी. लिआँत बहुतेक धंदे अशा बंधनांपासून मोकळे होते आणि छपाईही त्यातच होती. ज्याच्याकडे पैसा त्याने छापखाना काढावा, हवे तितके उमेदवार ठेवावेत. या मोकळेपणामुळेच तेथे धंदा झपाट्याने वाढला. आणि याच मोकळेपणामुळे उमेदवारांच्या संख्येला आवर घालणारे कोणी नव्हते.

‘त्रिक’

कारागिरांनी आपली गुप्त संघटना बांधली होती. तिचे सभासद स्वतःला ग्रिफारँ म्हणवीत. उमेदवारी पुरी केलेल्या तरुणाला जेवणावळीत शपथ देऊन आत घेतले जाई. एक सामाईक पेटी असे, तिच्यातून आजारी किंवा बेकार सभासदाला मदत होई. काम सोडण्याचा एक ठरलेला इशारा असे. त्याला ते ‘त्रिक’ म्हणत. हा आपल्या संस्कृतातला त्रिक नव्हे, केवळ उच्चार जुळतो. कोणा मालकाने कराराबाहेर काही केले, की एकजण हा शब्द उच्चारी आणि सगळे हातचे टाकून बाहेर पडत.

१५३९च्या वसंतात हा इशारा एका छापखान्यापुरता न राहता शहरभर झाला. इतिहासात तो ‘मोठे त्रिक’ म्हणून ओळखला जातो. मागण्या काय होत्या? पहिली जेवणाची. कारागीर मालकाच्या घरी जेवत आणि ते जेवण मजुरीचाच भाग होता. भाव वाढत होते, तसे मालक भाकरी, दारू आणि कालवण यांत काटछाट करू लागले होते. दुसरी मजुरीची. तिसरी कामाच्या वेळांची आणि सुट्यांची. आणि चौथी शिकाऊंची.

शहराच्या अधिकाऱ्यांना धास्ती वाटली. दहाच वर्षांपूर्वी, १५२९ साली, धान्याच्या महागाईवरून लिआँत मोठा दंगा झाला होता. आता शेकडो रिकामे, एकजुटीचे, पुष्कळसे लिहिता-वाचता येणारे तरुण रस्त्यावर होते. जुलैअखेर राजाच्या स्थानिक अधिकाऱ्याने निवाडा दिला. जेवण पाच-सहा वर्षांपूर्वी जसे होते तसे द्यावे, एवढे त्याने कारागिरांचे मान्य केले. पण एकत्र जमणे, शपथा घेणे, ठरवून काम सोडणे यांवर बंदी आली. शिकाऊंबाबत कारागिरांच्या पदरात काही पडले नाही.

त्याच ऑगस्टमध्ये राजा पहिला फ्रान्सिस याने व्हिलेर-कोत्रे येथे एक मोठा कायदा जारी केला. न्यायालयाची कागदपत्रे लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावीत, या कलमासाठी तो आज प्रसिद्ध आहे. त्याच कायद्यात कारागिरांच्या बंधुमंडळांवर बंदी घालणारे कलमही आहे, हे सहसा सांगितले जात नाही. पॅरिसच्या छापखान्यांतही असेच वाद पेटले होते. तेथील मुद्रकांसाठी ऑगस्टअखेर वेगळा हुकूम निघाला आणि १५४१च्या डिसेंबरात तशाच आशयाचा हुकूम लिआँसाठी. मालकांनी हवे तितके उमेदवार ठेवावेत आणि कारागिरांनी त्या उमेदवारांना धमकावू वा मारू नये, असे त्यात सांगितले होते. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, मालकांनी आकड्याची लढाई जिंकली होती. दोन, कारागिरांचा राग अनेकदा मालकाऐवजी समोरच्या पोरावर निघत होता. हे पोर तर या भांडणात सर्वांत दुबळे होते.

दोन्ही बाजूंचे गणित

एवढ्या भांडणामागे साधे गणित आहे. ते आपण फळ्यावर मांडून पाहू. पुढील आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत, ते लिआँच्या दप्तरातले नाहीत.

समजा, एका गावात छपाईचे २४ कारागीर आहेत. उमेदवारी ४ वर्षांची आणि त्यानंतर माणूस सरासरी २४ वर्षे काम करतो. म्हणजे दरवर्षी सरासरी एक कारागीर म्हातारपणाने किंवा मृत्यूने धंद्यातून जातो. त्याची जागा घ्यायला दरवर्षी एक नवा कारागीर हवा. उमेदवारी चार वर्षांची असल्याने कोणत्याही वेळी ४ उमेदवार शिकत असले की पुरे. प्रमाण झाले सहा कारागिरांमागे एक.

आता मालकांनी दोन कारागिरांमागे एक, म्हणजे १२ उमेदवार ठेवले. दरवर्षी ३ तरुण शिकून बाहेर पडतील आणि जागा रिकामी होईल एकच. दरवर्षी दोघे शिल्लक. बारा वर्षांत शिल्लक माणसे २४, म्हणजे जितके कामावर तितकेच दाराबाहेर. दाराबाहेर माणसे उभी असली की आतल्याच्या मजुरीचे काय होते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. धंदा वाढत असेल तर केवळ रिकाम्या जागा भरून चालत नाही. वरच्या उदाहरणात २४ वर्षांत धंदा दुप्पट होणार असेल, तर दरवर्षी एकाऐवजी दोन नवे कारागीर लागतील, म्हणजे ८ उमेदवार. लिआँचा धंदा त्या काळी वाढत होता, तेव्हा मालकांची मागणी सर्वस्वी खोटी नव्हती. शिवाय आकड्यावर बंधन घातले तर कारागीर आपली टंचाई करून मजुरी चढवतील, ही त्यांची भीतीही निराधार नव्हती. आपण धंदा उचलून ऱ्होनच्या काठी दक्षिणेस असलेल्या व्हिएन गावी नेऊ, अशी धमकी लिआँच्या मालकांनी दिली. त्यामुळे नगरपालिका पुरती हादरली.

पण मालकांच्या हिशोबात आणखी एक रकाना होता आणि खरे भांडण तिथे होते. उमेदवार केवळ उद्याचा कारागीर नसतो, तो आजचा मजूरही असतो. छापखान्याचे सगळे काम सारख्या कौशल्याचे नसते. ग्रीक मजकूर जुळवायला वर्षांची तालीम लागते; पण शाई लावणे, ताव उचलणे, कागद भिजवणे, सरळ मजकुराच्या ओळी बांधणे ही कामे चलाख मुलगा काही महिन्यांत करू लागतो. यंत्रावरच्या दोन कारागिरांपैकी एकाच्या जागी असा मुलगा उभा केला तर एका माणसाची मजुरी वाचते. पहिला शिकून तयार झाला की त्याला निरोप द्यायचा आणि दुसरा मुलगा घ्यायचा. असे केले तर शिकवणे हे मजुरी वाचवण्याचे साधन बनते, आणि शिकण्याचे फळ म्हणजे नोकरी जाणे. मुलाला पुरे शिकवण्यातही मग कोणाला रस राहत नाही. मालकाला त्याच्याकडून सोपे काम करून घ्यायचे असते, आणि शेजारचा कारागीर स्वतःची जागा घेणाऱ्याला कशाला शिकवील?

तेहतीस वर्षांनी

बंदी आली तरी ग्रिफारँ संपले नाहीत. वाद धुमसत राहिला. १५७१ साली राजा नववा चार्ल्स याने मुद्रणाविषयी नवा हुकूम काढला. तो पुन्हा मालकांच्या बाजूचा होता. या वेळी पॅरिस आणि लिआँ अशा दोन्ही शहरांच्या कारागिरांनी मिळून १५७२ साली राजापुढे आपले लेखी गाऱ्हाणे मांडले. आम्ही कोणाचे गुलाम नाही, एका थोर विद्येसाठी स्वेच्छेने राबणारी स्वतंत्र माणसे आहोत, आणि मालकांची श्रीमंती आमच्या घामातून आली आहे, असा त्याचा आशय आहे. पुस्तके स्वतःच्या हातांनी जुळवणाऱ्यांनी ते लिहिले, हे त्याच्या भाषेवरून जाणवते.

कामाचा बोजाही त्यांनी पुढे केला. लिआँत एका यंत्रावर दिवसाला सुमारे ३३५० ताव काढावे लागत, पॅरिसमध्ये सुमारे २६५०. चौदा तासांचा दिवस धरला आणि तावाची एकच बाजू मोजली, तरी लिआँचा हिशोब पंधरा सेकंदाला एक असा पडतो. तेवढ्यात शाई लावायची, ताव बसवायचा, फर्मा सरकवायचा, दांडा ओढायचा आणि ताव काढायचा. विद्यार्थ्यांना घड्याळ लावून या हालचाली नुसत्या करून पाहायला सांगाव्यात, म्हणजे आकड्याचा अर्थ कळेल.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राजाने हुकुमात दुरुस्ती केली. एका यंत्रामागे दोनच उमेदवार, असे ठरले. १५३९ साली नाकारलेली मर्यादा तेहतीस वर्षांनी मान्य झाली. आपल्या हिशोबाने पाहिले तर ही मर्यादा ढिलीच होती. एका यंत्रामागे चार-पाच कारागीर धरले, तर दोन-अडीच कारागिरांमागे एक उमेदवार असे प्रमाण पडते आणि ते स्थिर धंद्याला लागते त्याच्या दुपटीहून जास्त आहे. तरीही आकडा असणे ही गोष्ट मोठी होती. शिकाऊ कोणाला म्हणायचे आणि किती, हे मालकाच्या मर्जीवर नाही, एवढे तत्त्व त्याने मान्य झाले.

नाव बदलून

नियमाला बगल देण्याचा एक मार्ग मात्र उघडा राहिला. उमेदवारांवर मर्यादा आहे ना? मग त्यांना उमेदवार म्हणायचेच नाही. अठराव्या शतकात पॅरिसच्या छापखान्यांत ‘अलुए’ नावाचा वर्ग वाढला. यांनी रीतसर उमेदवारी केलेली नसे, कारागीर म्हणून त्यांची नोंद होत नसे आणि मजुरी कमी असे. १७३०च्या दशकात पॅरिसमध्ये उमेदवार असलेल्या निकोला कोंता याने पुढे त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. अपुरी झोप, मालकाच्या स्वयंपाकघरातले उरलेसुरले अन्न आणि कारागिरांची अलुएंवरची चीड, हे सारे त्या आठवणींत आहे.

लंडनमध्ये हाच वाद न्यायालयात गेला. यंत्रावरच्या कामगारांचे तेथे एक मित्रमंडळ होते. सात यंत्रांमागे तीनच उमेदवार असावेत, असा त्यांचा आग्रह होता. मालकांनी बोलणी करण्यासाठी त्यांचे प्रतिनिधी बोलावले आणि पुढे त्यांच्यावरच कट केल्याचा खटला भरला. १७९८ साली पाच कामगारांना दोन वर्षांचा तुरुंगवास झाला.

हा तीनचा आकडा आपल्या सूत्रात घालून पाहू. सात यंत्रांवर प्रत्येकी दोन, म्हणजे १४ कामगार. इंग्लंडमध्ये उमेदवारी ७ वर्षांची होती. त्यानंतर २८ वर्षे काम धरले, तर दर दोन वर्षांत एक जागा रिकामी होते आणि ती भरायला एका वेळी साडेतीन उमेदवार शिकत असावे लागतात. कामगारांनी मागितले होते तीन. त्यांनी कागदावर हे सूत्र मांडले असेल असे आम्हाला वाटत नाही. पण आपला धंदा किती माणसांना पोसू शकतो याचा अंदाज त्यांना अनुभवाने चांगला होता. न्यायालयाला ज्यात कट दिसला, तो आकडा गणिताने पाहता वाजवी होता.

यंत्राने केलेला निवाडा

पुढे यंत्रच बदलले. २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनचे ‘टाइम्स’ हे वृत्तपत्र प्रथमच वाफेच्या यंत्रावर छापले गेले. कोनिग या जर्मन तंत्रज्ञाचे ते यंत्र तासाला सुमारे ११०० ताव काढी. हातयंत्राची मजल तासाला अडीचशेच्या आसपास होती. कामगार मोडतोड करतील या भीतीने यंत्राची उभारणी गुप्तपणे झाली होती. मालकाने कामगारांना ताजा अंक दाखवून सांगितले, की छपाई आधीच झाली आहे. दंगा केलात तर बंदोबस्त आहे, शांत राहिलात तर दुसरे काम मिळेपर्यंत मजुरी चालू राहील. ज्या कौशल्यासाठी सोळा वर्षांपूर्वी पाचजण तुरुंगात गेले, ते कौशल्यच आता नको होते. ताव लावणे आणि काढणे एवढे काम उरले आणि ते मुले करू शकत.

जुळाऱ्यांची वेळ बहात्तर वर्षांनी आली. १८८६ साली न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ वृत्तपत्रात मेर्गेनथालरचे लायनोटाइप यंत्र सुरू झाले. कळा दाबल्या की शिशाची अख्खी ओळ ओतून मिळे. हातजुळवणी तिच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. पण अमेरिकेतील जुळाऱ्यांच्या संघटनेने यंत्राला विरोध केला नाही. यंत्र जरूर आणा, मात्र ते चालवणारा माणूस हा धंदा पुरा शिकलेला कारागीर असला पाहिजे, अशी अट तिने घातली. कमी पगाराचे टंकलेखक किंवा अर्धवट शिकलेली मुले त्यावर बसवायची नाहीत. ही अट बहुतेक मोठ्या शहरांत मान्य झाली आणि अनेक जुळारीच लायनोटाइपवर बसले. लिआँच्या कारागिरांनी आकडा मागितला होता, यांनी पुरे शिक्षण मागितले.

दाराबाहेर राहिलेले

येथवर वाचून आपली सहानुभूती कारागिरांकडे झुकेल आणि ते स्वाभाविक आहे. तरी त्यांच्या मागणीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. उमेदवारांवर मर्यादा म्हणजे काही मुलांना दार बंद. कोणाला? बहुधा ज्यांचा बाप-मामा या धंद्यात नाही त्यांना. स्त्रियांना तर संघटनेत जागाच नव्हती. युरोपातल्या छापखान्यांत मालकांच्या बायका-मुली आणि विधवा काम करीत, काहींनी छापखाने समर्थपणे चालवले, पण ग्रिफारँच्या शपथेचा मान त्यांना नव्हता. आपले पोट सांभाळण्यासाठी उभारलेली भिंत दुसऱ्याचे पोट बाहेर ठेवते, हा दोष साऱ्या बंद धंद्यांत आहे.

उमेदवारीचे दार उघडे असल्याने काय होते, याचे उदाहरण मराठी मुद्रणात आहे. जावजी दादाजी हे गरीब घरातले, फारसे न शिकलेले. लहान वयात ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. तेथे खिळ्यांचे मर्म त्यांनी आत्मसात केले आणि १८६९ साली स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला. सुबक देवनागरी अक्षरासाठी त्याचे नाव देशभर झाले. खिळे घासणारा मुलगा स्वस्त मजूर होता, यात शंका नाही. पण तो शिकूही शकला.

तेव्हा शिकाऊ मुलगा विद्यार्थी की मजूर, हा प्रश्न शब्दांनी सुटत नाही. त्यासाठी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. त्याला पुरे काम शिकवले जाते, की एकच सोपा तुकडा वर्षानुवर्षे करून घेतला जातो? शिकून झाल्यावर त्याला जागा मिळते, की त्याच्या जागी दुसरा शिकाऊ येतो? आणि शिकवणाऱ्या कारागिराला आपण शिकवतो आहोत त्याची भीती वाटते, की अभिमान?

आजचा आकडा

आपल्या देशात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून कामगार कायदे सर्वसाधारणपणे त्याला लागू होत नाहीत. २०१४च्या दुरुस्तीनंतर एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १० टक्के शिकाऊ घ्यावेत असे प्रमाण आले आणि २०१९ मध्ये वरची मर्यादा १५ टक्के झाली. आपल्या सूत्रात प्रशिक्षण एक वर्षाचे आणि नोकरी ३५ वर्षांची घातली, तर केवळ रिकाम्या जागा भरायला सुमारे ३ टक्के पुरतात. कारखाना वाढत असेल, किंवा शिकून मुले दुसरीकडे जाणार असतील, तर जास्त घेणे योग्यच. पण १५ टक्के शिकाऊ असलेल्या कारखान्यात वरचे तीन प्रश्न विचारायला हवेत, हे गणित सांगते.

आणि हे फक्त कारखान्याचे नाही. संशोधनशाळेत पीएच.डी. करणारा विद्यार्थी शिकतो आणि त्याच वेळी प्रयोगशाळेचे रोजचे कामही उरकतो. आम्हा मार्गदर्शकांना तेच तीन प्रश्न स्वतःला विचारावे लागतात. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. पदविका-पदवी घेतलेल्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर. ती तीन वर्षे ज्यांनी काढली, त्यांना ‘अलुए’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

गुटेनबर्गचा धडा शिकवताना तासाची शेवटची दहा मिनिटे या आकड्यासाठी ठेवता येतील. फळ्यावर २४ कारागीर, ४ वर्षे आणि १२ उमेदवार लिहावेत. अर्ध्या वर्गाने मालक व्हावे, अर्ध्याने कारागीर. आणि दोन-तीन विद्यार्थ्यांना उमेदवारांची बाजू मांडायला सांगावी. १५३९ साली लिआँत हे दोन-तीनजण काय म्हणत होते, ते कोणी विचारले नव्हते.